काजळीची चामखीळ



‘अवघड जागी दुखणे आणि जावई वैद्य’ ही म्हण आपण सर्वांनी हसत हसत वापरलेली आहे. आज ज्या रोगाविषयी मी बोलणार आहे, त्याच्या बाबतीत मात्र ती हसण्यावारी नेण्याजोगी राहत नाही. पुरुषाच्या अंडकोशाच्या कातडीला होणारा कर्करोग हा तो रोग. अंडकोश म्हणजे बाहेरची पिशवी आणि वृषण म्हणजे तिच्या आतील दोन ग्रंथी, हा भेद आरंभीच ध्यानात घ्यावा. कारण या दोहोंचे कर्करोग अगदी निराळे आहेत आणि आज आपणांस बोलावयाचे आहे ते मुख्यतः पिशवीविषयी.

हा रोग अत्यंत विरळा आहे. आयुष्यभर शस्त्रक्रिया करणाऱ्या शल्यचिकित्सकालाही असे रोगी मोजकेच पाहावयास मिळतात. मग इतक्या दुर्मिळ व्याधीसाठी श्रोत्यांचा वेळ का घ्यावा, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, वेळीच दाखवला तर हा रोग पुष्कळदा एका लहानशा शस्त्रक्रियेने समूळ जातो, आणि तो दाखवावयाचा नसतो म्हणूनच माणसे त्याला बळी पडतात. शिवाय, कर्करोग हा दैवाचा घाला नसून त्याला बाहेरचे कारण असू शकते, हा धडा वैद्यकाने प्रथम गिरवला तो याच रोगावर.

ही हकीकत लंडनची आहे. सेंट बार्थॉलोम्यू रुग्णालयातील शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. मोतीबिंदू, नाकातील मांसवृद्धी, अंतर्गळ अशा विषयांबरोबर त्यात थोड्याच पानांचे एक प्रकरण होते, ते धुराडी साफ करणाऱ्यांना होणाऱ्या कर्करोगाचे. त्या काळी लंडनमधील घरे दगडी कोळशावर ऊब घेत. धुराड्यांच्या नळ्या पुष्कळ ठिकाणी इतक्या अरुंद असत की, मोठा माणूस त्यांत शिरणे अशक्य. म्हणून गोरगरिबांची आणि अनाथ पोरे या कामाला जुंपली जात. कपडे अडकू नयेत म्हणून ती बहुधा उघड्या अंगाने वर चढत, कोपर आणि गुडघे खरचटून घेत, आणि अंगावरची काजळी दिवसचे दिवस तशीच राही. पॉट यांनी या पोरांच्या नशिबाविषयी जे लिहिले आहे, त्यात शल्यचिकित्सकाच्या कोरडेपणाबरोबर एक खोल कळवळाही आहे.

त्यांना दिसले ते असे. मुले लहान असतात तोवर काही होत नाही. तारुण्य आले म्हणजे, आणि बहुतेकदा त्यानंतरही पुष्कळ वर्षांनी, अंडकोशाच्या खालच्या भागावर एक वरवरची, ठणकणारी, खडबडीत जखम दिसू लागते. तिच्या कडा कठीण व उंचावलेल्या असतात. त्या धंद्यातील माणसे तिला ‘काजळीची चामखीळ’ म्हणत. रोग धंद्याचा आहे, काजळीचा आहे, हे त्यांना ठाऊक होते. शास्त्राला ते पुढे कळले. अज्ञ समजल्या जाणाऱ्या माणसांच्या बोलीत असे निदान पुष्कळदा आधीच होऊन बसलेले असते, ही गोष्ट मला नेहमीच विचार करावयास लावते.

परंतु खरी शोकांतिका पुढेच आहे. जागा अशी असल्यामुळे रोगी आणि त्याचा वैद्य या दोघांनाही प्रथम शंका येई ती गुप्तरोगाची. मग पाऱ्याची औषधे सुरू होत. पाऱ्याने जखम बरी तर होत नसेच, उलट ती अधिकच चिघळत असे. या घोळात महिने जात, आणि रोग कातडीतून आत वृषणापर्यंत, तेथून जांघेतील ग्रंथींपर्यंत पोहोचे. पॉट यांचा उपदेश साधा होता: रोग कातडीपुरता असतानाच तेवढा भाग चाकूने काढून टाका, एकदा तो आत गेला की वृषण काढूनही उपयोग होईलच असे नाही. अडीचशे वर्षांनंतरही या उपदेशाचा गाभा बदललेला नाही.

प्रारंभी सांगितलेल्या म्हणीला छेद देणारी एक गंमत येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. पॉट यांचे जावई जेम्स अर्ल हे खरोखरच वैद्य होते, त्याच रुग्णालयात शल्यचिकित्सक होते, आणि सासऱ्यांचे ग्रंथ त्यांनीच संपादून पुढे आणले. बागेतील किडे मारण्यासाठी काजळी पसरणाऱ्या एका माळ्याच्या हातावर असाच रोग झाल्याची नोंदही अर्ल यांच्याच नावे आहे. म्हणजे दोष त्या अवयवाचा नव्हे, काजळीचा, हे त्या एका माळ्याने सिद्ध केले.

कायदे मात्र सावकाश आले. आठ वर्षांखालील मुलांना या कामावर घेऊ नये असे १७८८ साली ठरले. एकवीस वर्षांखालील कोणासही धुराड्यात चढवू नये असे १८४० मध्ये ठरले. आणि त्याची खरी अंमलबजावणी १८७५ च्या कायद्याने झाली. पॉट यांचा ग्रंथ निघाल्याला त्या वर्षी बरोबर शंभर वर्षे झाली होती. पुढे १८९२ साली त्याच रुग्णालयातील हेन्री बटलिन यांनी एक मार्मिक प्रश्न विचारला. धुराडी तर जर्मनीत आणि बेल्जमातही साफ होतात. मग तेथील कामगारांत हा रोग क्वचितच का आढळतो? शोध घेता उत्तर निघाले ते असे की, तेथील कामगार अंगभर घट्ट पोशाख घालीत आणि रोज आपादमस्तक स्नान करीत. रोगप्रतिबंधाचे इतके स्वस्त साधन क्वचितच कोणा शास्त्राला सापडले असेल.

तोपर्यंत काजळीची जागा दुसऱ्या पदार्थांनी घेतली होती. डांबर व पॅराफिन यांच्या कारखान्यांतील कामगारांमध्ये हाच रोग जर्मनीत फोल्कमान यांनी १८७५ मध्ये आणि एडिंबरो येथे जोसेफ बेल यांनी १८७६ मध्ये नोंदवला. हे बेल म्हणजे ज्यांच्यावरून कॉनन डॉइल यांनी शेरलॉक होम्सचे पात्र रचले तेच. रोग्याच्या हाताकडे आणि बुटाकडे पाहून त्याचा धंदा ओळखणाऱ्या या माणसाला पॅराफिन कामगाराचे दुखणे उमगले, यात नवल नाही. ‘तू काय काम करतोस?’ हा प्रश्न या रोगाच्या निदानात आजही पहिला आहे.

सर्वांत मोठी किंमत मोजली ती मँचेस्टरच्या परिसरातील सूतगिरण्यांनी. तेथे ‘म्यूल’ नावाच्या यंत्रावर सूत काढीत. यंत्राचा गाडा पुढे-मागे सरकत असे आणि तुटलेला धागा जोडण्यासाठी कामगाराला त्याच्या आडव्या दांड्यावरून सारखे वाकावे लागे. वेगाने फिरणाऱ्या चात्यांतून उडणारे खनिज तेल त्याच्या विजारीच्या पुढच्या भागात मुरत राही. १९०२ ते १९२२ या काळात मँचेस्टरच्या रॉयल इन्फर्मरीत अंडकोशाच्या कर्करोगाचे जे १४१ रोगी दाखल झाले, त्यांपैकी ६९ जण म्यूलवर काम करणारे होते आणि २२ डांबर व पॅराफिन यांच्याशी संबंध असलेले. धुराडे साफ करणारा त्यांत अवघा एक होता. सदम व विल्सन यांनी १९२२ साली प्रसिद्ध केलेले हे आकडे वाचले म्हणजे एका शतकाने आपले विष कसे बदलले, हे डोळ्यांपुढे उभे राहते. आपल्याकडे गिरणधंदा वाढला तो बव्हंशी ‘रिंग’ पद्धतीवर. नागपूरच्या एम्प्रेस मिलने ती फार लवकर उचलली. रिंगच्या साच्यापुढे कामगार उभा असतो, त्याला तेलकट दांड्यावर पोट टेकवून ओणवे व्हावे लागत नाही.

तेलात व डांबरात नेमके काय आहे, याचा उलगडाही याच धाग्यावरून झाला. टोकियोत यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांना महिनोन् महिने डांबर चोळले आणि १९१५ साली तेथे कर्करोग उत्पन्न झाल्याचे जगाला दाखवले. नंतर लंडनमध्ये केनवे यांच्या सहकाऱ्यांनी दोन टन डांबराच्या खळातून १९३३ मध्ये बेंझोपायरीन हे द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे काढले. हेच द्रव्य विडी-सिगारेटच्या धुरातही असते, हे जाता जाता सांगून ठेवतो.

आणि शहाणपण येऊनही ते सांगितले जात नाही, याचे एक उदाहरण १९६८ सालचे आहे. बर्मिंगहॅमच्या एका यंत्रकारखान्यातील कामगार वर्षानुवर्षे तेलाने भिजलेल्या यंत्रांवर ओणवा होऊन काम करीत असे. त्याला हा रोग झाला आणि तो वारला. त्याच्या विधवेने दावा लावला. कारखान्याच्या डॉक्टरांना धोका ठाऊक होता. त्याच कारखान्यातील एक कामगार आधीच या रोगाने दगावला होता. तरीही कामगारांना लेखी सूचना दिली गेली नाही की ठराविक मुदतीने तपासणी झाली नाही. न्यायालयाने निकाल विधवेच्या बाजूने दिला. लोक उगाच घाबरतील म्हणून त्यांना न सांगणे, हा युक्तिवाद मी पुष्कळ ठिकाणी ऐकला आहे. रोगापेक्षा त्याचेच मला अधिक भय वाटते.

आपल्या देशाशी या शास्त्राचे एक जवळचे नाते आहे. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी सूर्याबाई यांच्यासह १९४५ मध्ये रूढी आणि कर्करोग यांच्या संबंधावर एक लेख लिहिला. धोतराची गाठ वर्षानुवर्षे कमरेला जेथे करकचून बसते, तेथील कातडीवर होणारा कर्करोग त्यात वर्णिलेला आहे. जागा वेगळी, कारण वेगळे. पण कातडीला दीर्घकाळ सतावले असता ती कधीतरी बंड करते, हे सूत्र तेच.

आता प्रत्यक्ष दुखण्याकडे वळू. काजळी आणि म्यूल मागे पडले, तरी रोग नाहीसा झालेला नाही. काही विशिष्ट विषाणूंचा दीर्घकालीन संसर्ग, शरीराची क्षीण झालेली प्रतिकारशक्ती, सोरायसिससाठी औषध घेऊन वर घेतलेले अतिनील किरण, ही त्याची आजची कारणे आहेत. ज्यांना किरणांचा हा ‘पुवा’ उपचार चालू असेल, त्यांनी त्या वेळी जननेंद्रियाचा भाग झाकून घेण्याविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे. लेथ व तत्सम यंत्रांवर काम करणाऱ्यांसाठी आजची तेले पूर्वीपेक्षा पुष्कळच शुद्ध केलेली असतात. तथापि बेळगावच्या उद्यमबागेत काय किंवा अन्यत्र काय, तेल पुसलेले फडके पँटच्या खिशात कोंबून दिवसभर वावरण्याची सवय कोणाला असेल तर ती त्याने आजच सोडावी. ते तेल पँटमधून झिरपून नेमके त्याच जागी जाते.

ही जागा कातडीच्या दृष्टीने मोठी विलक्षण आहे. ती सुरकुतलेली, घामाने ओलसर आणि फार शोषक असते. १९६७ च्या एका प्रसिद्ध अभ्यासात असे आढळले की, हायड्रोकॉर्टिसोन हे औषध हाताच्या कातडीतून जितके आत जाते त्याच्या सुमारे ४२ पट अंडकोशाच्या कातडीतून जाते. हा आकडा आपल्या कामाचा आहे. कारण आपल्याकडे जांघेतील खाज म्हणजे गजकर्ण, आणि गजकर्णावर दुकानातून आणलेले स्टिरॉइडमिश्रित मलम, हा शिरस्ता पडून गेला आहे. मलमाने खाज तात्पुरती शमते, कातडी पातळ होते, आणि खाली खरेच काही वाढत असेल तर त्याचे रूप पालटून ते ओळखू येईनासे होते. लंडनमधील पाऱ्याचे काम आज ही मलमे करीत आहेत.

मग रोग ओळखावा कसा? बहुधा एकच कठीण गाठ किंवा चामखिळीसारखा उंचवटा येतो. आरंभी तो दुखत नाही. पुढे त्यावर व्रण पडतो, कडा जाड होतात, लस किंवा रक्त येते. अंडकोशावरच्या पुष्कळ गोष्टी निरुपद्रवी असतात, हेही आवर्जून सांगावयास हवे. हरभऱ्याएवढ्या पिवळसर पांढऱ्या गाठी या बहुधा साध्या पुटकुळ्या असतात. वाढत्या वयात दिसणारे लालसर-जांभळे ठिपके या केवळ फुगलेल्या बारीक रक्तवाहिन्या होत. पिशवी मोठी झाली, पण कातडी निर्मळ आहे, तर बहुधा आत पाणी साठलेले असते. हत्तीरोगाच्या प्रदेशात ही अंडवृद्धी अपरिचित नाही. यांपैकी कशानेही भिण्याचे कारण नाही. परंतु जो व्रण, जो चट्टा किंवा जी चामखीळ तीन-चार आठवड्यांत बरी होत नाही, ती डॉक्टरांना दाखवलीच पाहिजे. गाठ कातडीत नसून आत वृषणालाच लागलेली वाटली, तर आठवडेही थांबू नये; वृषणाचा कर्करोग तरुणांना होतो आणि तोही वेळीच उपचार झाल्यास उत्तम बरा होतो.

आणखी एक फसवे रूप आहे. म्हाताऱ्या माणसाच्या अंडकोशावर लालसर, ओलसर, खाजरा चट्टा येतो आणि तो इसबासारखा दिसतो. वर्षानुवर्षे मलमे लावूनही तो जात नाही, हळूहळू पसरत राहतो. हा पॅजेटचा रोग असू शकतो. सर जेम्स पॅजेट यांनी स्तनावरील असा विकार १८७४ मध्ये वर्णिला. अंडकोशावरील पहिला रोगी क्रॉकर यांनी १८८९ मध्ये नोंदवला. यात कधी कधी मूत्राशय, पुरःस्थ ग्रंथी किंवा मलाशय यांत दुसरा कर्करोग दडलेला असतो, म्हणून त्यांचीही तपासणी करावी लागते.

नजरेने अंदाज होतो, निदान होत नाही. त्यासाठी भूल देऊन त्या व्रणाचा एक लहानसा तुकडा काढावा लागतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. यालाच बायॉप्सी म्हणतात. ‘तुकडा काढला की रोग पसरतो’ हा समज आपल्याकडे घट्ट रुजलेला आहे. कातडीवरील या रोगाच्या बाबतीत त्याला आधार नाही. वृषणाच्या गाठीची गोष्ट मात्र निराळी. तेथे पिशवीतून सुई खुपसू नये आणि शस्त्रक्रियाही पिशवी कापून नव्हे, तर जांघेतून करावी, असा नियम आहे. त्याचे कारण मोठे गोड आहे. गर्भावस्थेत वृषण पोटात, मूत्रपिंडाजवळ, जन्मतात आणि तेथून खाली उतरताना आपल्या रक्तवाहिन्या व लसवाहिन्या बरोबर घेऊन येतात. म्हणून वृषणाचा रोग पोटातील ग्रंथींत जातो, आणि पिशवीच्या कातडीचा रोग जांघेतील ग्रंथींत. एका बोटाच्या अंतरावरचे हे दोन शेजारी. पण दोघांची माहेरे निरनिराळी!

उपचाराचे मुख्य साधन आजही चाकूच. रोगट भाग भोवतालच्या सुमारे दोन सेंटिमीटर निरोगी कातडीसह काढतात. येथे निसर्ग उदार आहे: ही कातडी सैल असल्यामुळे बराच भाग काढूनही उरलेली जुळवून शिवता येते, फारच मोठा भाग गेला तर मांडीची कातडी लावतात. वृषणाला रोग पोहोचलेला नसेल तर ते काढावे लागत नाहीत. पुरुषत्व जाईल या भीतीने जे डॉक्टरांकडे जाण्याचे टाळतात, त्यांनी हे वाक्य नीट ऐकावे. टाळाटाळीनेच तो प्रसंग ओढवतो. पॅजेटच्या रोगात चट्ट्याची दिसणारी कड ही खरी कड नसते, म्हणून तेथे काढलेल्या भागाच्या कडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून मग पुढे जावे लागते.

सारे भवितव्य ठरते ते जांघेतील ग्रंथींवर. त्या हाताला लागल्या म्हणजे रोग गेलाच असे नाही. व्रण पिकल्यानेही त्या सुजतात. म्हणून सोनोग्राफी करून बारीक सुईने त्यांतील पेशी काढून पाहतात. तेथे रोग आढळला तर ग्रंथी काढाव्या लागतात, आणि ही शस्त्रक्रिया पहिलीइतकी सोपी नाही; जखम भरावयास वेळ लागतो आणि पायाला कायमची सूज राहू शकते. रोग आणखी वर ओटीपोटात किंवा फुप्फुसात गेला असेल तर किरणोपचार आणि सिसप्लॅटिनसारखी औषधे वापरतात. त्यांनी आराम पडतो, कधी आयुष्य वाढते, परंतु त्या पायरीवर पूर्ण बरे होणारे थोडेच.

शस्त्रक्रियेनंतर रोग्याने ठरलेल्या तारखांना जात राहावे. पहिली दोन-तीन वर्षे या भेटी जवळजवळच्या असतात, कारण ग्रंथींतील रोग डोके वर काढतो तो बहुधा याच काळात. दरमहा स्नानाच्या वेळी त्याने व्रणाची जागा आणि दोन्ही जांघा स्वतः चाचपून पाहाव्यात. ज्याचे आयुष्य तेलात वा डांबरात गेले, त्याने हात आणि मनगटेही डॉक्टरांपुढे धरावीत. जे अंडकोशाला लागले, ते त्यांनाही लागलेले असते. आणि डॉक्टरांनी कपडे उतरवावयास सांगितले नाही, तर तसे रोग्याने आपण होऊन सुचवावे.